बेंजोचा फेरा

सिंधुदुर्गातल्या आमच्या शिरोड्यात गौरी-गणपतीचं विसर्जन असलं की मिरवणूक दिसण्याच्या बरीच आधी ऐकू येते, पण सगळी एकदम नाही. आधी पोचतो तो ढोल. त्याच्या जाड आवाजाच्या लांब लहरी माडाफणसांना आणि घरांना वळसा घालून पुढे सरकतात. बारीक आवाज मात्र वाटेतल्या पानापानांत जिरून जातो. म्हणून दुरून नुसती धडधड येत राहते, कुठलं गाणं चाललंय ते कळत नाही. मग मिरवणूक कोपऱ्यावर वळते आणि त्या धडधडीवर एकाएकी तारेचा झणझणीत सूर चढतो. त्या क्षणी गाणं कळतं. अंगणातली पोरं "बेंजो इलो!" करत रस्त्याकडे धावतात, आणि हातात आरतीचं तबक धरलेल्या बायांचे पायसुद्धा जागच्या जागी ठेका धरू लागतात.

बेंजो म्हणजे एक लांबट लाकडी पेटी. वादक ती पट्ट्याने गळ्यात अडकवतो किंवा हातगाडीवर आडवी ठेवतो. पेटीवरून पोलादी तारा गेलेल्या असतात, आणि तारांच्या एका अंगाला गोल बटणांच्या दोन रांगा. डावा हात बटणं दाबतो, उजव्या हातातली प्लॅस्टिकची छोटी पट्टी तारांवर भिरभिरत असते. लहानपणी मला वाटायचं, कुणीतरी हौशी माणसाने टाइपरायटरला तारा जोडल्या असणार. मोठेपणी ह्या वाद्याचा मागोवा घ्यायला लागलो आणि थक्क झालो, कारण पोराची ती कल्पना जवळजवळ खरी निघाली.

डीजे येण्याआधी गिरणगावाला आणि कोकणाला नाचवलं ते ह्या पेटीने. वरात असो, दहीहंडी असो, शिमगा असो, बेंजो पार्टी ठरवली म्हणजे नाचायची सोय झाली. मात्र ही पेटी इथे कशी आली हे विचारलं तर बहुतेक जण मुंबईकडे बोट दाखवतात. मुंबई हा तिच्या वाटेवरचा मधला मुक्काम आहे. तिचं गाव नागोया.

जपानमधल्या नागोया शहरात ओसू नावाचा जुना भाग आहे. देवळं, दुकानं, खेळतमाशे, गर्दी. तिथला मोरिता गोरो नावाचा वादक युरोप-अमेरिकेत कार्यक्रम करून परतला होता. तिकडे त्याने टाइपरायटर पाहिला होता. आपण तो पाहतो तेव्हा अक्षरं दिसतात. ह्या माणसाला त्यात बोटं दिसली असावीत. कळ दाबली की आतला एक दांडा नेमका ठरलेल्या जागी जाऊन आपटतो, दरवेळी तिथेच, दाबणारा नवशिका असला तरी. तंतुवाद्य शिकताना सगळ्यात अवघड काय असतं? डाव्या हाताची बोटं तारेवर नेमकी कुठे टेकायची, हेच. व्हायोलिन शिकणाऱ्याची पहिली काही वर्षं त्यातच जातात, आणि घरच्यांची परीक्षा होते ती वेगळीच. मोरिताने जपानमध्ये आधीपासून वाजत असलेलं दोन तारांचं कोतो घेतलं आणि त्यावर कळा बसवल्या. साल १९१२. त्याच वर्षी ३० जुलैला मेइजी सम्राट वारले आणि 'ताइशो' नावाचं नवं राजयुग सुरू झालं. नव्या वाद्याला नव्या युगाचंच नाव मिळालं: ताइशोगोतो, ताइशो काळातलं कोतो.

पेटीचं झाकण काढून आत पाहिलं तर कळतं की मोरिताने केलेली गोष्ट किती साधी आणि किती हुशारीची होती. तारांखाली गिटारसारखे धातूचे पडदे ठोकलेले असतात. प्रत्येक कळेच्या पोटात एक छोटं बोट असतं. कळ दाबली की ते तारेला पडद्यावर टेकवतं, तारेचा थरथरणारा भाग तेवढा आखूड होतो आणि सूर चढतो. हे पडदे कसेही ठोकून चालत नाहीत. एका सप्तकात बारा स्वर. प्रत्येक पायरीला तारेच्या उरलेल्या लांबीतून साधारण ५.६ टक्के कापायचे. तार ६० सेंटीमीटरची धरली तर पहिल्या पडद्याला ५६.६ उरतात, पुढच्याला ५३.५, आणि असं बारा वेळा केलं की बरोबर ३०. लांबी निम्मी, सूर वरचा सा. म्हणून पडदे पुढे पुढे जवळ येत जातात. हा हिशेब कारखान्यात एकदा झाला की वाजवणाऱ्याला करावा लागत नाही. बोट कुठे ठेवायचं हा प्रश्न लाकडाने आणि लोखंडाने सोडवून ठेवला, आणि वाजवणाऱ्याकडे उरला फक्त कान.

त्याची किंमतही आहेच. कळ दाबलेली असते किंवा नसते, अधलंमधलं काही नाही. मींड काढता येत नाही, गमक नाही. आणि पोलादी तारेचा सूर छेडला की लगेच विरू लागतो, लांब टिकत नाही. ह्यावर वादकांनी काढलेला तोडगा म्हणजेच बेंजोचा खरा स्वभाव: उजवा हात थांबूच द्यायचा नाही. लांब सूर हवा असेल तर तीच तार भराभर इतक्या वेळा छेडायची की कानाला ती एक सलग थरथरती रेघ वाटावी. बाजूच्या तारा कळांच्या तावडीत नसतात. त्या तानपुऱ्यासारख्या सतत षड्ज झणकारत राहतात. दोन्ही मिळून जो आवाज होतो तो तुषारांसारखा असतो, लाट खडकावर फुटली की वर उडतात तसा.

आता समुद्राकडे वळू, कारण हे वाद्य समुद्रानेच पसरवलं.

१८९३ च्या नोव्हेंबरात 'हिरोशिमा मारू' नावाची आगबोट कोबे बंदरातून मुंबईकडे निघाली. जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीची ही लांब पल्ल्याची पहिली नियमित वाहतूक. मुंबईच्या बाजूने त्यात जमशेदजी टाटा होते. ते त्याच वर्षी जपानला गेले होते, आणि योकोहामाहून पुढे अमेरिकेकडे जाताना त्यांच्या बोटीवर स्वामी विवेकानंद होते. सगळा खटाटोप कापसासाठी होता. जपानी गिरण्यांना आपला कापूस हवा होता आणि इंग्रज कंपन्यांचं भाडं परवडत नव्हतं. पण बोटी एकाच दिशेने भरून जात नाहीत. पुढच्या काही दशकांत जपानी काडेपेट्या, काचसामान, छत्र्या, खेळणी ह्यांनी मुंबईचा बाजार भरला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मोरिताची पेटीही हिंदी महासागराच्या बंदराबंदरांत पोचली.

इथून पुढची हकिगत मला सगळ्यात आवडते. ही पेटी जिथे उतरली तिथे लोकांनी तिला आपलं केलं आणि ती परकी आहे हे विसरून गेले. बलुचिस्तानात तिची लांबी वाढवली, आवाज भारदस्त केला आणि तिला 'बेंजू' म्हटलं. आज तो बलुची संगीताचा कणा मानला जातो. मालदीवमध्ये ती 'बुलबुल'. आपल्याकडच्या वाद्यांच्या दुकानांत 'बुलबुलतरंग'. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, लामू आणि मोंबासाकडे, ती लग्नांत वाजणाऱ्या तारब संगीतात बसली आणि तिथे तिचं जपानी नाव थोडंसं वाकून तसंच राहिलं, 'ताइशोकोतो'. पलीकडे बाली बेटावर तिला 'पेंतिंग' म्हणतात. नकाशावर ह्या जागांना टिंबं देऊन पाहिली तर एक मोठी माळ होते, आणि आपलं वेंगुर्ला-शिरोडं त्या माळेत अगदी सहज बसतं. मकरानच्या किनाऱ्यावरचा बलुच कोळी आणि आमच्या वेळागर किनाऱ्यावरचा रापणकार एकमेकांची भाषा समजणार नाहीत, पण एकाच्या लग्नात दुसरा गेला तर वाद्य ओळखेल.

मग त्याला बेंजो का म्हणायचं? खरा बँजो आणि हा ह्यांचा काही संबंध नाही. खऱ्या बँजोला डफासारखं कातडं असतं. तो पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या वाद्यांचा वंशज. गुलाम करून नेलेल्या माणसांनी अमेरिकेच्या मळ्यांत आठवणीतून पुन्हा बनवलेला. तिथून तो गोऱ्या तमाशेवाल्यांच्या हाती गेला आणि एकोणिसाव्या शतकात जगभर फिरला. त्याचं नाव मुंबईत नागोयाच्या पेटीला चिकटलं. आफ्रिकेचं नाव, जपानचं शरीर आणि अंगात वारं मात्र गिरणगावचं.

खरा बँजो ज्या दुसऱ्या एका किनाऱ्यावर रुजला त्याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्याच आरशात पाहिल्यासारखी वाटते. आयर्लंडच्या पश्चिमेला, अटलांटिकच्या तोंडावर, क्लेअर नावाचा परगणा आहे. तिथल्या किलफेनोरा गावात १९०९ साली गावकऱ्यांनी नाचासाठी एक ताफा उभा केला. अशा ताफ्यांना तिकडे केली बँड म्हणतात. फिडल, बासरी, अ‍ॅकॉर्डियन, पुढे पियानो, ड्रम आणि बँजो. सगळे मिळून एकच चाल वाजवतात, जो तो आपल्या वाद्यावर, आणि गाव नाचतं. १९३५ साली सरकारने कायदा केला की परवान्याशिवाय सार्वजनिक नाच करायचा नाही. घराघरांतले, चव्हाट्यावरचे नाच त्याने आवळले गेले आणि नाच सभागृहांत गेला. मोठ्या सभागृहाला मोठा आवाज लागतो, म्हणून ताफे वाढले. मग १९५० च्या दशकात शोबँड आले: झगमगते कोट, विजेच्या गिटारी, ट्रम्पेट, आणि खुर्च्या सोडून उभ्याने, नाचत वाजवणारे वादक. जुने ताफे खुर्च्यांवर बसून वाजवत. नव्यांनी खुर्च्याच काढून टाकल्या. किलफेनोराचा बँड मात्र टिकला, आजही वाजतो. बेंजो पार्टीनंतर डीजे, ही आपली कहाणी मला ह्या गावाकडे पाहिल्यावर जास्त नीट कळली.

आमच्या बाजूला वादक कसा घडला ते पाहायचं तर पुन्हा मुंबईला जायला हवं. योगायोग असा की ज्या १८९३ साली कोबेहून बोट निघाली, त्याच साली गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसायला लागला. बोट कापसासाठी होती. आणि आपल्या किनाऱ्यावरचा माणूस मुंबईला गेला तोही कापसासाठीच, गिरणीत. रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात तेव्हा आजचा सिंधुदुर्ग होता, पिढ्यान्‌पिढ्या पुरुष लालबाग-परळच्या खोल्यांत राहायला गेले. पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं, चतुर्थीला गावी यायचं. ह्या चाकरमान्यांनी गावाहून भजन नेलं, दशावतार नेला. परतताना ट्रंकेतून साबण, सुपाऱ्या, पोरांना खाऊ, आणि कुणीकुणी बेंजो. वाद्याची आणि वादकाची गाठ कापसाने घालून दिली असं म्हटलं तर ते फार चुकीचं होणार नाही.

चाळीत बेंजो रुजला त्याची कारणं त्याच्या बनावटीतच आहेत. शिकायला गुरू लागत नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात मावतो. पावसात सुरातून उतरला तर खुंट्या पिळून जागेवर आणता येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला वीज जोडता येते. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात बारीकसा प्रवाह उठतो. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेली ही गोष्ट. पुढे गिटारीला तिनेच गगनभेदी केलं. तारांखाली असा एक तुकडा बसवला, तो अ‍ॅम्प्लिफायरला आणि अ‍ॅम्प्लिफायर कर्ण्याला, की खोलीतली पेटी रस्त्याची राणी झाली. पत्र्याचा कर्णा जाड आवाज नीट देत नाही, तो मधल्या आणि बारीक आवाजांचा गडी. माणसाचा कानही साधारण दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. बेंजोच्या तारेचा झणकार नेमका तिथे भरलेला. वाद्य, कर्णा आणि कान हे तिघं जणू एकमेकांसाठीच घडवले होते. म्हणून पंधरा ढोलांच्या गदारोळातूनही बेंजो बाहेर येतो.

पार्टी म्हणजे मध्ये बेंजो आणि भोवती ताल. ढोल, ताशा, ढोलकी, साइड ड्रम, खुळखुळे, नंतर बोंगो, कोंगो. हातगाडीवर जनरेटर आणि कर्णे, नाहीतर टेम्पो. बेंजोवाला गाण्याचं तोंड वाजवतो, कडव्यावर जातो, आणि मध्ये थांबून ताल मोकळा सोडतो. नाचणाऱ्यांना हा मोकळा तालच हवा असतो. मग पुन्हा तोंड. चाल बदलायची वेळ आली की बेंजोवाला ढोलवाल्याकडे नुसता पाहतो. कागद नाही, खुणेची काठी नाही. मी ही नजर कित्येकदा पाहिली आहे आणि दरवेळी मला त्यात काहीतरी अपूर्व वाटलं आहे: रस्ताभर धूळ, गुलाल, आरडाओरडा, आणि दोन माणसांमध्ये क्षणभर लख्ख शांतता.

गाणी यायची रेडिओवरून. पन्नासच्या दशकात आकाशवाणीने सिनेसंगीताला जवळजवळ दार लावलं होतं; नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपलेच. लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. १९५२ च्या अखेरीस तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि दर आठवड्याला ऐकून ऐकून चाली बोटांत बसू लागल्या. हार्मोनियमचंही तसंच. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती, परकी आणि बेसूर म्हणून. त्याच वर्षांत सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये रात्ररात्र दशावताराचा सूर हार्मोनियमच धरत होती, मृदंग आणि झांजेच्या जोडीने. रावण दरबारात येताना तिच्या भात्याचा जो दणका बसतो तो ऐकलेल्या माणसाला ही पेटी पॅरिसहून आली आहे हे सांगूनही पटत नाही. शास्त्र्यांनी जे नाकारलं ते जत्रेने आणि रस्त्याने आधीच ठेवून घेतलं होतं.

आणि त्या सिनेमाच्या चाली? त्यांचा एक धागा थेट आमच्या खाडीपलीकडे जातो.

शिरोड्याहून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात तेरेखोलची खाडी लागते. पलीकडे गोवा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तो दुसरा देश होता. अलीकडे इंग्रज, आमच्या मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रह झाला तो त्यांच्याच मिठाच्या कायद्याविरुद्ध. पलीकडे पोर्तुगीज. आणि पलीकडच्या गावांत चर्चच्या शाळा, जिथे पोरांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. चर्चमध्ये गाणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची गरज म्हणून. पण कागदावरचं संगीत वाचता येणाऱ्या माणसाला बाहेर मोठी मागणी होती. मुंबईतल्या हॉटेलांत, क्लबांत साहेबलोक नाचायचे, आणि नाचाला बँड लागायचा. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी ह्यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा ताफा आला, आणि गोव्याच्या तरुणांनी जॅझ जवळून ऐकला. त्यांतला एक होता बार्देशातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६. ट्रम्पेट असं वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. नाव पडलं चिक चॉकलेट.

रात्री हॉटेलात फॉक्सट्रॉट वाजवणारी ही माणसं दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जाऊ लागली. १९५१ साली 'अलबेला' आला. संगीत सी. रामचंद्र ह्यांचं, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या राम चितळकरांचं. नाचणारे भगवान आभाजी पालव, गिरणीकामगाराचा मुलगा, स्वतः मजुरी केलेला. आणि एका गाण्यात पडद्यावर झालरींच्या बाह्यांचे सदरे घालून वाजवतोय तो चिक चॉकलेटचाच ताफा. हॉटेलातला बँड सिनेमाच्या पडद्यावर आला, आणि तिथून थेट रस्त्यावर. भगवानदादांची ती हात सैल सोडून, खांद्याने ताल घेत नाचायची ढब पुढे प्रत्येक वरातीत दिसू लागली, कारण ती कुणालाही जमते. सांगतात की उतारवयात दादरच्या चाळीत राहणाऱ्या दादांच्या घराखाली विसर्जनाच्या मिरवणुका थांबायच्या आणि त्यांचंच गाणं वाजवायच्या.

आता ह्या फेऱ्याकडे जरा शांतपणे पाहा. हळदोण्याच्या पोराने चर्चच्या गावात सूर ओळखले. मुंबईच्या हॉटेलात त्याच्या कानावर अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं संगीत पडलं, त्या समाजाचं ज्यांच्या पूर्वजांनी बँजो घडवला. पुणतांब्याच्या संगीतकाराने त्याचं वारं आपल्या चालीत खेळवलं. ती चाल सिलोनच्या रेडिओवरून परळच्या चाळीत आली, आणि तिथे तिला भेटली नागोयाची पेटी, बँजोचं नाव लावलेली. चाकरमान्याने ती पेटी गावी आणली आणि चतुर्थीला शिरोड्याच्या रस्त्यावर ती चाल वाजवली. हळदोणं इथून फार दूर नाही, तेरेखोल आणि शापोरा ह्या दोन नद्यांच्या पलीकडे. सरळ आली असती तर चाल एका दिवसात पोचली असती. तिने अर्धी पृथ्वी फिरून यायचं ठरवलं, आणि म्हणूनच ती इतकी रंगून आली.

खाडीच्या दोन बाजूंना संगीत शिकायच्या दोन रीती होत्या, ह्याचं मला फार नवल वाटतं. पलीकडे डोळ्याने: पाच रेघा, काळी टिंबं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी त्याच रीतीच्या बळावर १९५८ साली मुंबईत भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा मोठा प्रयोग केला. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेलं वंदन. अलीकडे कानाने: भजनात बसून, जत्रेत जागून, रेडिओला कान लावून. पलीकडच्यांनी सिनेमाच्या वाद्यवृंदासाठी जे कागदावर उतरवलं ते अलीकडच्यांनी कागद न पाहता उचललं. चाळीस व्हायोलिनांनी मिळून वाजवलेला तुकडा एक माणूस दोन रांगांच्या बटणांवर उतरवायचा, आणि तो ओळखू यायचा. ह्याला नक्कल म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आलो आहे. चाळिसांचं एकात आणताना काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवावं लागतं, आणि तेही चालत चालत, नाचणाऱ्यांचे धक्के खात.

२०१६ साली रवी जाधव ह्यांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, रितेश देशमुख बेंजोवाला झाले, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा वाटलं की ह्या माणसांबद्दल गोष्ट सांगता येते. तोवर रस्ते बदलायला लागले होते. आधी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, मग ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती. डीजेला जेवण लागत नाही, त्याची तार तुटत नाही, त्याचा हात दुखत नाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले: रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. त्या नियमांचा रोख खरं तर भिंतींकडे होता, पण हातगाडीवरच्या दोन कर्ण्यांनाही ते लागूच. तरी गावोगावी पाहतो तर अलीकडे काही मंडळं पुन्हा बेंजो सांगू लागली आहेत. भिंतीसमोर माणूस नाचतो तेव्हा कुणी त्याच्याकडे पाहत नाही. बेंजोवाला पाहतो. नाचणारा दमला की ताल उतरवतो, म्हातारी आजी फेर धरायला आली की तिच्या वेळची चाल काढतो.

गेल्या चतुर्थीला वेळागरवर गणपती पाण्यात गेले, आरत्या संपल्या, पोरं भिजलेल्या कपड्यांनी वाळूवर प्रसादाच्या खोबऱ्याचे तुकडे वाटत होती. जनरेटर बंद झाला होता. सुरूच्या झाडाखाली बेंजोवाला हातगाडीच्या दांड्यावर बसून पेटी मांडीवर घेऊन तारा सैल करत होता. समुद्राची खारी हवा रात्रभर लागली तर तारा गंजतात. सैल करण्याआधी सवयीने त्याने एकदा सगळ्या कळांवरून हात फिरवला आणि एका जुन्या गाण्याचं तोंड वाजवलं. वीज नव्हती. आवाज इतका बारीक होता की लाटांच्या मधल्या उसंतीतच ऐकू येत होता, आणि मला त्याच्याजवळ वाळूत बसावं लागलं. एका छोट्या खोलीत, चटईवर बसून, दोनचार माणसांनी ऐकावं एवढाच. १९१२ साली ओसूमध्ये तो तसाच वाजला असणार.